लाल खोळीचा बस्ता

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आप्पांनी आज पुन्हा सदरा काढला. सकाळपासून चौथ्यांदा! फाडला नाही, ओढला नाही. एकेक बटण शांतपणे सोडवले, सदऱ्याची व्यवस्थित घडी घातली आणि ती दुधाच्या पातेल्यावर ठेवली. मंजुळाबाई दूध घालायला आलेल्या, दारातच थबकल्या. "आप्पा, थंडी हाय की अजून! काहून काढलं?" आप्पा म्हणाले, "सुट्टी झाली, बाई."

वडिलांचे वय एक्याऐंशी. तीन वर्षांपासून स्मरण क्षीण होत चालले आहे. डॉक्टर म्हणाले होते, "हात स्वस्थ बसणार नाहीत." हात बसत नाहीत हे खरे, परंतु ते बटणांवरच का बसतात?

येत्या सोळा तारखेला, रविवारी, माझ्या लेकीला, गुंजनला, पाहायला पाहुणे येत आहेत. सौ.ने आज विषय काढला : "एक दिवस आप्पांना कळमनुरीला गंगूताईंकडं ठेवू. त्या काय परक्या आहेत?" गंगूताई माझी थोरली बहीण, ती नाही म्हणणार नाही. पण गुंजन तिथल्या तिथे म्हणाली, "आप्पा बैठकीत नसतील तर मीही नसेन. दोन्ही खुर्च्या उचला."

तेरा दिवस आहेत. हात गुंतले तर सदरा अंगावर राहील. माझे अनुमान तर्काला धरून आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

महाविद्यालयातून आल्यावर जुन्या कपड्यांची पेटी उघडली. टाकाऊ वस्तूंचा सदुपयोग करण्याचे धडे मोबाईलवर पुष्कळ आहेत. पण एकजण माप सांगेल तर शपथ! "अंदाजे एवढं कापा" — अंदाजे म्हणजे किती?

माझी योजना : जुन्या चादरीचा साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरचा तुकडा, मांडीवर मावेल असा. त्यावर दोन सदऱ्यांच्या काजपट्ट्या, विजारीच्या तीन चेन, दप्तराचे बक्कल, परकराची नाडी. आप्पांनी हवे तेवढे सोडावे, लावावे. खडूने रेषा आखल्या. शिलाई यंत्रावर सौ. बसू देईना. "सुई मोडाल." मोडली नाही. दोरा तीन वेळा तुटला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पट तयार. सहाही बटणे समान अंतरावर. आप्पांच्या मांडीवर ठेवला आणि घड्याळ लावले.

अकरा मिनिटे! अकरा मिनिटांत सर्व सोडवून झाले. मग पट बाजूला सरकवून आप्पा स्वतःच्या सदऱ्याकडे वळले.

८ फेब्रुवारी, शनिवार

काठिण्यपातळी वाढवली. कडी-कोयंडा, आणखी एक चेन, पडद्याच्या कड्या, दुहेरी गाठी. आप्पांनी कडीला एकदा हात लावला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "साहेब, सुताराला बोलवा."

दरम्यान सौ.ला कळले की चौथी चेन माझ्या चांगल्या विजारीची होती. आणि पडद्याच्या कड्या पडद्यावरच्याच होत्या. पडदा आता खिळ्यावर आहे. पाहुण्यांच्या आठ दिवस आधी!

९ फेब्रुवारी, रविवार

बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगाऱ्यापाशी गेलो. मोठ्या बटणांचा कोट शोधत होतो. मागून आवाज आला, "सर, तुमी बी हितं?" आमच्या महाविद्यालयातला शिपाई, फुलसिंग. मी म्हणालो, "बटणे पाहतो आहे." त्याने एका बायकी कोटाकडे बोट दाखवले. "हे घ्या, बटनं मजबूत हायेत. मॅडमला बी चांगलं दिसंल."

घेतला. त्याच्या पुढच्या भागाचा तिसरा पट केला. आप्पांनी त्याची बटणे सात मिनिटांत सोडवली.

१० फेब्रुवारी, सोमवार

मंजुळाबाईंनी तिन्ही पट उलटसुलट करून पाहिले. त्या स्वतः वाकळा शिवतात, त्यामुळे टीका अधिकारवाणीने! "भाऊसाहेब, शिवण सरळ हाय तुमची, बराबर हाय. पन हे तर लेकराचं खेळणं करून राहिलात. आप्पा काय लेकरू हायेत व्हय? त्यांचे हात खेळ न्हाई हुडकत, काम हुडकून राहिले."

मला राग आला. चौथा पट करायचाच, असे ठरवून टाकले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

चौथ्या पटासाठी जुन्या दुलईची लाल खोळ उसवत होतो. आजूबाजूला कापलेल्या पट्ट्या, काजांचे तुकडे, गुंजनच्या जुन्या वह्या. आप्पा खुर्चीवरून उठले, खाली मांडी घालून बसले. वह्या उचलल्या, जमिनीवर ठोकून कडा सारख्या केल्या. खोळीच्या लाल कापडावर मधोमध ठेवल्या. समोरचे टोक, अलीकडचे टोक, डावे, उजवे. एक लांब पट्टी घेऊन दोन वेढे आणि वर एक गाठ — एका ओढीत सुटेल, पण हलवली तर तसूभर ढिली होणार नाही!

ती गाठ मी लहानपणी रोज पाहिली आहे. आप्पा एकतीस वर्षे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात होते. जमिनींच्या फेरफाराचे कागद लाल बस्त्यात, म्हणजे कापडी गाठोड्यात, बांधायचे, मागणी आली की सोडायचे, परत बांधून फळीवर लावायचे. वाणिज्य शाखेचा पदवीधर मुलगा आठ दिवस चेन मोजत बसला आणि वडिलांनी आयुष्यभर काय केले हे त्याला आठवले नाही!

आप्पांनी बस्ता माझ्यापुढे सरकवला. "पोच द्या, साहेब."

मी कागदावर 'मिळाला' लिहून सही केली. त्यांनी ती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात घातली. सदरा अर्थात अंगावर होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रीतसर बस्ता केला. खोळीचा नव्वद सेंटिमीटरचा चौरस, चारही कडा दुमडून शिवल्या. एका कोपऱ्याला परकराची नाडी पक्की टाचली. सदऱ्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून वर-खाली घालायला केले. असे तीन बस्ते. फळी म्हणून जुने देव्हाऱ्याचे स्टूल.

आप्पांनी तिसऱ्या बस्त्याची कड बोटाने चाचपली आणि म्हणाले, "वाकडी आहे." मोजली. चार मिलिमीटर!! उसवून पुन्हा शिवली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सलग तीन तास. एकही बटण सुटले नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मंजुळाबाई सकाळी पाहून गेल्या. "आता कसं! हपीस सुरू झालं आप्पाचं."

सौ. मात्र साशंक. "घरच्यांसमोर ठीक आहे हो. परक्या माणसांत बिथरले तर? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे." तिचे चुकीचे नाही. गंगूताईला सकाळी दूरध्वनी करायचा की नाही, हे मी अद्याप ठरवलेले नाही. गुंजनने न विचारताच आप्पांचा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

दूरध्वनी केला नाही. आप्पा बैठकीत बसले.

पाहुणे तिघेच होते : मुलगा अनिरुद्ध, त्याची आई आणि वडील. मुलगा सिद्धेश्वर धरणावर, पाटबंधारे खात्यात आहे. बोलायला मोकळा. गुंजनने विचारले, "धरणावर काय करता?" तो म्हणाला, "पाणी कधी सोडणार, हे विचारणाऱ्यांना उत्तर देतो." ती हसली! गुंजन सहजी हसत नाही.

आप्पांनी पोह्यांच्या बशीला हात लावला नाही, बस्ता बांधत होते. अनिरुद्धच्या आई कौतुकाने पाहत होत्या. "हे तुम्ही घरीच शिवलंत? कसलं कापड?" मी मापांसह सर्व सांगितले. सौ.ने डोळ्यांनी दटावले, तेव्हा थांबलो.

त्याचे वडील मात्र चमत्कारिक गृहस्थ. एक शब्द नाही. मी काही विचारले की उत्तर त्यांची पत्नी देणार. मला तो ताठा वाटला. मग कहर झाला. आप्पांनी बांधलेला बस्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सरळ नाडी ओढून तो सोडला! वह्या खाली पसरल्या. मी उठायच्या बेतात होतो.

आप्पा वाकले, वह्या गोळा केल्या, म्हणाले, "हरकत नाही. पुन्हा लावू." बांधून पुन्हा पुढे ठेवला. त्या गृहस्थांनी पुन्हा सोडला. असे पाच वेळा! शेवटी अनिरुद्ध खाली बसून आप्पांना टोके धरू लागला, आणि आप्पांनी त्याला झापले : "उजवं टोक शेवटी, पोरा!" सगळे हसले. गुंजन सर्वांत जास्त.

सदरा शेवटपर्यंत अंगावर होता. पण जाताना त्यांच्यापैकी कोणीही होय-नाही बोलले नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

निरोप नाही. सौ. म्हणाली, "त्यांना पसंत पडलं नसेल आपलं दप्तर." गुंजन आप्पांपाशी बसून वह्या सारख्या करत होती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अनिरुद्धच्या आईंचा दूरध्वनी. "मुलगी आम्हाला मनापासून पसंत आहे. पण आधी एक सांगते, मग तुम्ही ठरवा. दीड वर्ष झालं, यांना काही उमगत नाही. परवा यांना घरी ठेवूनच येणार होतो आम्ही, अनिरुद्धनं ऐकलं नाही. तुमचे आप्पा दिसले आणि मला बसल्या जागी रडू येत होतं." मग हळूच, "परवापासून यांचे हात तो लाल बस्ता शोधताहेत. तसा एक मिळेल का?"

मी म्हणालो, "बस्ता हे आप्पांचं काम. तुमच्या यजमानांनी आयुष्यभर हातांनी काय केलं?"

"सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाच्या पुड्या बांधायचे."

जुन्या कॅलेंडरांची पाने काढली आहेत. चार इंचांचे चौरस. मी आखतो आहे, गुंजन कापते आहे.