हलिमाच्या नावाऐवजी माझे नाव नोंदवण्याबाबत

प्रति,
माननीय व्यापार अधिकारी,
व्यापार व पर्यावरण विभाग,
वाणिज्य दूतावास, दुबई.

अर्जदार : सौ. मनोरमा वासुदेव खांबेटे, विज्ञान शिक्षिका, राहणार देरा, दुबई.

विषय : बंदी असलेले दोन जुने डीप फ्रीजर आपल्या देशात पाठवल्याचा ठपका श्रीमती हलिमा यांच्या नावावरून काढून माझ्या नावावर ठेवण्याबाबत.

संदर्भ : दि. २ जून २०२५ रोजी आपल्याशी फोनवर झालेले बोलणे.

महोदय,

परक्या देशाच्या कचेरीत मराठीतून अर्ज करण्याचे धाडस मी आपल्याच सांगण्यावरून करीत आहे. माझे आडनाव ऐकून आपण "बोला ताई" म्हणालात. पर्यावरणशास्त्र शिकायला आपण सहा वर्षे पुण्यात होतात, हे मला नंतर कळले. "इंग्रजी अर्ज कारकून वाचून फाइलला लावतात, मराठीतला मात्र मला स्वतःलाच वाचावा लागेल," असे आपण म्हणालात. त्या भरवशावर सर्व हकीकत खाली देत आहे.

१. श्रीमती हलिमा या आपल्या देशाच्या नागरिक. त्या आमच्याकडे घरकामाला तेरा वर्षे होत्या. यापुढे मी त्यांना हलिमा असेच म्हणते, कारण घरात तसेच म्हणत होतो. ती आली तेव्हा माझी मुलगी केया पाच वर्षांची होती. मी शाळेत, यजमान कंपनीत, त्यामुळे केया तिच्याच हाताखाली वाढली. मी मराठीत बोलले की केया इंग्रजीत उत्तर देई. मराठीत उत्तर देणारी घरात हलिमा एकटीच होती, आमच्याकडेच मराठी शिकलेली. केया गेल्या वर्षी कॉलेजात गेली आणि हलिमाने गावी परत जायचे ठरवले. तिचे गाव मोठ्या तळ्याच्या काठी आहे. बहिणीबरोबर मासे विकायचे, असा तिचा बेत होता. तिला काळजी एकच होती. पहाटे धरलेला मासा दुपारपर्यंत खराब होतो, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते, म्हणून तो दुपारपर्यंत भावच बोलत नाही.

२. फ्रीजर नेण्याची कल्पना माझी होती, हलिमाची नव्हे. आम्ही घरी नवा घेतला होता, म्हणून जुना तिला दिला. शाळेच्या कॅन्टीननेही एक जुना काढला होता, तो मी मागून घेतला. आमच्या भागात जहाजाने सामान पाठवणारे मुश्ताकभाई आहेत. त्यांनी मला स्पष्ट सांगितले, "मॅडम, फ्रीज मत डालो. जनवरी से उधर पुराना फ्रीज बंद है." मी त्यांना म्हटले, घरगुती सामान आहे, कोण उघडून बघतंय. कागद मी भरला. सामानाच्या रकान्यात 'वापरलेले घरगुती सामान' एवढेच लिहिले. काय लिहिलंय, असे हलिमाने विचारले होते. "काही नाही गं, सही कर," असे मी सांगितले. तिने सही केली.

येथे नमूद करणे आवश्यक आहे की, जुन्या फ्रीजरमधल्या वायूने हवेचे काय होते, हा धडा मी आठवीच्या वर्गाला अकरा वर्षे शिकवीत आहे. त्या धड्याचा आणि माझ्या स्वयंपाकघराचा संबंध मला लागला नाही.

३. सामान मार्चमध्ये आपल्या बंदरात पोचले आणि उघडून पाहण्यात आले. हलिमाला बोलावणे गेले. ती दोन दिवस बसने प्रवास करून बंदरावर आली. अधिकारी सभ्यपणे वागले, असे तिने मला आवर्जून सांगितले. नियमाप्रमाणे तिच्यासमोर दोन्ही फ्रीजरमधला वायू काढून घेतला आणि मग यंत्राखाली घालून त्यांचा चपटा पत्रा केला. मासे मांडायला निदान झाकणे तरी द्या, असे तिने त्याआधी सांगून पाहिले. ती देता येत नव्हती. तिने आणखी एका कागदावर सही केली आणि नियम मोडणाऱ्या आयातदारांच्या यादीत तिचे नाव पाच वर्षांसाठी चढले.

४. पुढचे आम्हा दोघींनाही माहीत नव्हते. ज्या धोरणाने जुने फ्रीजर बंद केले, त्याच धोरणात तळ्याकाठच्या बायकांच्या गटांना सौर ऊर्जेवर चालणारे नवे फ्रीजर द्यायचे ठरले आहे. हलिमाच्या बहिणीने अकरा बायकांचा गट करून अर्ज आधीच दिला होता आणि त्यात हलिमाचे नाव घातले होते. एक सभासद यादीत आहे म्हणून गटाचा अर्ज नामंजूर झाला. हलिमा गटातून बाहेर पडली. तरीही उपयोग झाला नाही, कारण अर्जाच्या तारखेला सभासद कोण होते तेच पाहिले जाते. त्या बायका आता मासे धुरावर वाळवतात. पूर्वी लाकूड घराजवळ मिळे, आता दीड तास चालावे लागते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, हलिमा जे म्हणाली तेवढे लिहीत आहे.

५. एप्रिलपासून मी आपल्या कार्यालयात पाच वेळा येऊन गेले. शाळेतून अर्धी रजा काढून येते, त्यामुळे खिडकी बंद व्हायच्या बेताला पोचते. पहिल्या वेळी सांगण्यात आले की दुबईतून पाठवणे हा गुन्हा नाही, तेव्हा माझा गुन्हा नोंदवता येत नाही. दुसऱ्या वेळी प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले. ते केले. तिसऱ्या वेळी ते प्रतिज्ञापत्र कोणत्या फाइलला लावायचे हे ठरले नाही. चौथ्या वेळी खिडकीवरच्या सुमैय्या मॅडमनी मला छापील फॉर्म उलटा करून दाखवला. त्यात आयातदाराचे नाव, वडिलांचे नाव, गाव, अंगठा, सगळ्याला जागा आहे. पाठवणाऱ्याच्या नावाला जागा नाही. त्यांनी मला पाणी दिले. पाचव्या वेळी आपला फोन नंबरही त्यांनीच दिला.

केयाला मी हे सगळे सांगितले. वाटले होते, ती या बंदीच्या धोरणावर चिडेल. ती म्हणाली, "आई, इट वॉज डम्पिंग. वुई जस्ट कॉल्ड इट अ गिफ्ट." मग उठून आपल्या खोलीत गेली. त्या दिवसापासून ती हलिमाशी बोलते, माझ्याशी कामापुरते.

६. आपणही मला अंधारात ठेवले नाही. आपण म्हणालात, "ताई, तो नियम मी लिहिला आहे, आणि चुकीचा लिहिला असं मला आजही वाटत नाही." पूर्वी प्रत्येक जहाजातून जुने फ्रीज यायचे, निम्मे महिनाभरही चालायचे नाहीत आणि गावोगाव त्यांचे ढीग साठले होते, असे आपण सांगितलेत. मी विचारले, मग पाठवणाऱ्याचे काय? आपण म्हणालात, "आमचा कायदा आमच्या बंदरावर सुरू होतो."

महोदय, मला हे पटते. नियम शिथिल करा अशी माझी मागणी नाही. फ्रीजर तर आता नाहीतच. माझी विनंती इतकीच आहे की, हलिमाचे नाव यादीतून काढावे आणि तेथे माझे नाव लिहावे. ते नियमात बसत नसेल, तर अकरा बायकांच्या अर्जापुरता तरी तिचा दोष धरू नये. तेही शक्य नसेल, तर शेऱ्याच्या जागी एक ओळ लिहावी की कागद दुसऱ्या बाईने भरला होता आणि सही करणारीला तो वाचून दाखवला नव्हता. त्या ओळीने फ्रीजर मिळणार नाही, हे मला कळते.

७. हा अर्ज मी ८ जूनच्या रविवारी लिहून ठेवला होता. बुधवारी सुमैय्या मॅडमचा फोन आला की, नव्या फ्रीजरसाठी निवडलेल्या गटांची यादी तिकडे जाहीर झाली. तळ्याकाठची चौदा गावे त्यात आहेत, हलिमाचे नाही. पुढची यादी दोन वर्षांनी.

मी हे हलिमाला कळवले आणि तरीही अर्ज देणार असल्याचे सांगितले. तिचा आवाजी निरोप आला. मागे बायकांचे बोलणे ऐकू येत होते. ती म्हणाली, "ताई, आता पुरे. तुम्ही लिहिलं की माझं नाव परत कुणीतरी वाचतं. इथे लोक विसरायला लागलेत."

तो निरोप मी पुन्हा पुन्हा ऐकला. तिचे म्हणणे बरोबर आहे, आणि हा अर्ज तिच्या मनाविरुद्ध आपल्या हाती पडत आहे, हे मी लपवीत नाही. यात तिचे नाव किती वेळा आले आहे तेही मला दिसते. ते न लिहिता हा अर्ज कसा करावा, हे मला समजले नाही.

आपली,
स्वतःची चूक मान्य असलेली अर्जदार,

(सही)
मनोरमा वासुदेव खांबेटे
देरा, दुबई
दि. १६ जून २०२५

सोबत :
१. सामानाच्या कागदाची प्रत (अक्षर माझे, सही हलिमाची).
२. माझे प्रतिज्ञापत्र, मूळ प्रत.
३. मुश्ताकभाई यांचे लेखी निवेदन, हिंदीत.