ते बंडल परत आणलंस कशाला?

प्रिय आक्का,

तू असतीस तर सरळ फोन केला असता. काल तुझी संगी संभाजीनगरला आली होती, मी हल्ली मोंढ्यातल्या ज्या बियाण्यांच्या दुकानात काम करतो तिथं. पतसंस्थेत अडकलेले तुझे पैसे चार वर्षांनी मोकळे झाले, तू गेल्यावर दोन वर्षांनी! चेक हातात धरून पोरीनं विचारलं, "मामा, सगळी दुनिया पैसे काढत होती, मग आईनंच उलटे भरले कशाला? इतकी कशी भोळी?"

मी म्हणालो, "काय माहीत बाई." खोटं बोललो, आक्का. का खरंच मला माहीत नाही? काल रात्रीपासून डोकं चालेना, म्हणून लिहायला बसलो.

करोनाचे दिवस. दौलताबादचा किल्ला बंद, गिऱ्हाईक नाही, तुझी सीताफळांची पाटी घरात पालथी पडलेली. कुणीतरी उठवलं, पतसंस्था बुडणार. झालं! शटर उघडायच्या आधी दारात रांग. काहींना गरज होती, बाकीचे शेजाऱ्यानं काढले म्हणून काढत होते. पिठाच्या डब्यात राहू दे, पण घरात असू दे! पहिल्याच दिवशी तूही काढून नेलेस. कॅशियर म्हणून मीच बंडल दिलं, कागदी पट्टीवर माझी सही करून. मला हायसं वाटलं होतं.

एक गोष्ट मला अजून उमगत नाही. टीव्हीवर रोज सांगायचे, व्याजदर उतरवले, बाजारात पैसा सोडला, लोकांच्या हातात कधी नव्हत्या एवढ्या नोटा आहेत. मग माझा कॅशचा खण रिकामा का? आमचे मॅनेजर साहेब म्हणाले, "किसन, तो पाऊस वेगळा, आपली विहीर वेगळी." लोकांनी घाबरून पैसा दाबून ठेवला म्हणून आमच्याकडं आटला, आणि आटला म्हणून लोक आणखी घाबरले. वीस वर्षं नोटा हाताळल्या मी, पण यातलं आधी काय झालं ते मला सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी एकानं जाळीतून हात घालून माझी कॉलर धरली. ते तुला कुणी सांगितलं गं? चौथ्या दिवशी तू रांगेत हजर! पदराखालून तेच बंडल काढलंस, पट्टीसुद्धा न फोडलेलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललीस, "भरायचेत मला. माझा सख्खा भाऊ बसलाय आत. पैसे काय पळून जात्यात व्हय?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. "बाई तर भरायलीय!" कुणीतरी म्हणालं. मागची पाच-सात माणसं निघून गेली. मला रडूच फुटणार होतं.

पण आक्का, मला माहीत होतं. मोठी कर्जं थकलीत, आठवडाभर टिकलो तरी नशीब, हे आदल्या संध्याकाळीच साहेबांनी सांगितलं होतं. नुसतं डोळ्यांनी खुणावलं असतं तरी तू माघारी गेली असतीस. मी शिक्का मारला. भीतीनं? चारचौघांत तुला नाही म्हणायची लाज वाटली म्हणून? का तुझ्या पैशावर दुपारपर्यंत तरी खिडकी चालेल म्हणून? तिन्ही कारणं खरी वाटतात.

नवव्या दिवशी कुलूप लागलं.

पुढं डॉक्टरांनी तुला हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सांगितलं. तू म्हणायचीस, "बघू की, सीताफळं निघू दे." मी होते तेवढे पैसे आणले, तर "तुझी नोकरी गेलीय, ठिव तुलाच," म्हणून परत दिलेस. एकदा तरी शिव्या घालायच्यास की! 'किशा, माझा पैसा बुडवलास' म्हणाली असतीस तर पाय धरले असते. तू आपली गरम भाकरी वाढायचीस. लई राग येतो मला त्याचा.

वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर तू वाचली असतीस? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. आणि मला सगळं ठाऊक होतं, हे तुला कळलं होतं का? कळूनच आली होतीस का?

येत्या रविवारी संगीच्या घरी जातो. तिच्या मामानं जाणूनबुजून शिक्का मारला, हे तोंडावर सांगतो. ती दार लावून घेईल कदाचित. घेऊ दे. पण आपली आई भोळी होती, असं ती पुन्हा म्हणणार नाही, एवढा शब्द देतो.

तुझा,
किशा