चालू ट्रॅक्टर कोण विकतं

९ जानेवारी १९८९, सोमवार
ट्रॅक्टर पुन्हा बंद. इंजिन धडधडतं, चाकं जागची हलत नाहीत. केळीच्या ओळींतून जावा म्हणून ह्यांनी हौसेने आणलेला छोटा ट्रॅक्टर. हे गेल्यापासून त्याचं कामात मन लागत नाही. कागद धाकट्या दिराच्या, गिरधरभाऊंच्या नावावर. ते म्हणाले, "वहिनी, पडेल ट्रॅक्टर ठेवून काय करता? विकून टाकू." म्हणजे पडून आहे म्हणून विकायचा. चालू ट्रॅक्टर कोण विकतं? मीच दुरुस्त करणार. शनिवारी संक्रांत, त्याच्या आत.

११ जानेवारी
माहितीपुस्तक इंग्रजीत. मी वाचायला शिकले पुडीच्या कागदांवर, तेही मराठी. पण चित्रांना भाषा लागत नाही. इंजिनाचा शाफ्ट मागच्या शाफ्टला जोडतात तिथे रबराची जाड चकती असते. तिचं नाव कपलिंग. खोलून पाहिली, झिजून चिरफाळलेली. सीटखाली ह्यांचा रुमाल सापडला. नंतर काम झालं नाही. ऊन फार होतं, जानेवारीच्या मानाने.

१३ जानेवारी
गिरधरभाऊंनी स्वतः मोटरसायकलवर जळगावला नेलं. माझं म्हणणं त्यांना पटलेलं दिसतं. दुकानदार म्हणे, ही चकती आता येत नाही. ट्रकच्या टायरची कापून दिली. असोद्याला घरी परत येऊन तिला करंजाचं तेल चोळलं. माहेरी विहिरीवरच्या मोटेच्या चामड्याला असंच लावायचो, वर्षानुवर्षं टिकायचं. दुकानदाराला हे कुठून माहीत असणार.

१४ जानेवारी, संक्रांत
तेलाचा दुसरा हात. चकती टपोरी दिसायला लागली. तब्येत सुधारली. बसवायचं राहिलं, तिळगूळ होता.

१७ जानेवारी
बसवली. ट्रॅक्टर अंगणातून निघाला आणि उकिरड्यापाशी थांबला. रबर फुगून मऊ पडलं होतं, बोल्टांनी भोकं फाडली. गिरधरभाऊ म्हणाले, "वहिनी, मोट आहे का ती? रबराले तेल कायले पाजलं?" जाऊ बेबाबाई चुलीपाशी बसून म्हणाली, "संक्रांतीचं न्हाऊ घातलं त्यांनी." हसू द्या. तेल चांगलंच होतं. रबर हलकं निघालं.

१९ जानेवारी
न सांगता गिरधरभाऊंनी दुसरी चकती आणली, वर नवे बोल्ट. विचारलं, "रविवारपर्यंत होईल ना?" माझ्यापेक्षा त्यांनाच घाई. हे असते तर म्हणाले असते, गिरधर सुधारला. या वेळी तेल नाही. तसं मी आधीच ठरवलं होतं.

२१ जानेवारी, दुपारी
चालला. गिअरमध्ये आहे हे लक्षात नव्हतं, म्हणून जरा लवकरच चालला. केळीचे दोन खांब आडवे झाले, ते वाकलेलेच होते. बांधापर्यंत मी स्वतः नेला. आता रोज एक फेरी मारायची. बायका बघत होत्या, बघू द्या.

२२ जानेवारी, रविवार
गिरधरभाऊंच्या ओळखीचे पाहुणे आले, साक्रीचे निंबाभाऊ. खास ट्रॅक्टर बघायला. आपलं नाव पार साक्रीपर्यंत गेलं. खाली वाकून एकेक बोल्ट हलवून पाहिला. म्हणाले, "बठ्ठं काम तुम्हीच करं का, अक्का? एकदम पक्कं शे." सगळं मीच, म्हटलं. बेबाबाई कानात म्हणाली, "बैलाचे दात पाहतात तसं पाहू राह्यले हे." तिला कौतुक म्हणजे काय हे माहीतच नाही. मी शेवभाजी केली. राहूनच जा म्हटलं, उद्या चालवून दाखवते. राहिले.

२३ जानेवारी
चालवून त्यांनीच पाहिला, साक्रीच्या दिशेने.
सकाळी बेबाबाईने बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मला वाटलं, दुरुस्तीचा. गिरधरभाऊ म्हणाले, "वहिनी, मी काय लपवलं? पडेल ट्रॅक्टर कोणी घेत नव्हतं. तुमच्यामुळे गेला." त्यात खोटं काही नाही. मी रागावले नाही. फक्त जेवले नाही, भूक नव्हती.
वळणावर गिअर बदलला तरी कपलिंगचा आवाज नाही. साक्री लांब आहे, पण टिकेल.
बैल विकला की दावं आपण घरी ठेवून घेतो. ट्रॅक्टरला दावं नसतं. सगळे आत गेल्यावर पाहिलं तर बोल्टचा पाना माझ्याच हातात. निंबाभाऊंना वाटेत लागला तर? पाठवायला हवा.
सवड झाली की पाठवीन.