धर्मकाट्याचं बारसं

हुडको, भिलाई

ती. बेबीआत्याले नीरजाचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? मामाजी अजून भर उन्हात पंखा बंद करून झोपतात काय? इकडे सगळं ठीक आहे, एक माझी नोकरी सोडून. फोनच केला असता, पण तू स्पीकर लावते अन् अख्खी गल्ली ऐकते.

तुझ्या लेकाच्या, म्हणजे पीयूषदादाच्या, वैशाली नगरातल्या ऑफिसात मी सॉफ्टवेअरचं काम करून राहिली, हे तुले माहीतच आहे. आमी राईस मिलच्या धर्मकाट्याचा प्रोग्राम बनवतो. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढला की धान किती, ते कॉम्प्युटर सांगते. प्रोग्राम सुधारला की त्याच्या फायलींचा गठ्ठा बांधून मिलले पाठवायचा (पॅकेज म्हणतात त्याले). गठ्ठ्याच्या नावाची साऱ्या दुनियेत एक रीत आहे, आधी प्रोग्रामचं नाव, मग नंबर. धर्मकाटा-६, धर्मकाटा-७. मिलचं कॉम्प्युटर मोठा नंबर पाहून नवा गठ्ठा उचलते. त्याले अक्कल नसते, म्हणून नंबर लागतो.

आठ आला अन् दादा अडला. आठ म्हणे शनीचा! कॅम्प-१ च्या ज्योतिषी गुरुजीले विचारून आला. गुरुजी म्हणाले, नंबर कैद्याले देतात, लेकराले नाव देतात. गठ्ठा जन्मला त्या घटकेच्या नक्षत्राचं अक्षर घ्या. इंजिनिअर झालेल्या माणसानं मान डोलावली अन् चक्क बारसं केलं. कॉम्प्युटरले हळदकुंकू, साऱ्यांले घुगऱ्या, अन् आत्या कोण, तर मी (मामेबहीण ती बहीणच, अन् बापाची बहीण ती आत्या, असा त्याचा हिशोब). साऱ्या ऑफिससमोर मॉनिटरच्या बाजूले तोंड नेऊन मी ‘कुर्रर्र’ केलं अन् ‘चूडामणी’ म्हटलं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूडामणीत खोट निघाली, रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन तो वजाच करेना. सुधारून नवा गठ्ठा बांधला, त्याले अक्षर निघालं ग, नाव ठेवलं ‘गजानन’. आता नंबर नसला की कॉम्प्युटर अक्षरांचा क्रम पाहते. ग आधी, च नंतर, अन् नंतरचा तो नवा. गजानन पडून राहिला अन् चूडामणीच परत बसला. दिवसभर मिलनं धानासंगं ट्रॅक्टरही तोलून घेतले. शेतकऱ्यांले पैसे जास्तच मिळाले, ते काहून बोलतील? मिलमालक मात्र संध्याकाळी दारात. दादानं त्याले शांतपणे सांगितलं, आत्यानं नाव नीट घेतलं नाही. अन् मले म्हणाला, सोमवारी गुरुजीले तुझी पत्रिका दाखवतो, जमली तर राहा.

मले राग आला आत्या, अन् रडूही आलं. ही नोकरी गेली तर घर सोडून पुण्याले एका खोलीत चौघी राहायची मले हौस नाही.

मामाजींच्या पायावर डोकं ठेवते.

तुझी भाची,
नीरजा

ता.क. मदत मागत नाही, नुसतं मन मोकळं केलं.

ता.क. दोन. बरं, मदतच मागते. दादाले फोन कर अन् ठणकावून सांग, गुरुजी अक्षर सांगतो, पण नाव ठेवायचा मान आत्याचा, अन् आत्याले कोणी कामावरून काढत नाही. तुझं ऐकते तो.

ता.क. तीन. फोन सोमवारच्या आधीच कर. गजाननचं नाव बदलून मी गुपचूप धर्मकाटा-८ ठेवलं. मिलमध्ये झकास चालून राहिला. दादानं अजून नाव पाहिलं नाही; त्याले वाटते गुरुजीच्या अक्षराचा गुण आला. उद्या ऑफिसात गुरुजीचा सत्कार आहे. शाल आणायले मलेच धाडून राहिला.