दक्षिणेची भिंत

परम दयाळू अल्लाहच्या नावाने. मी, अब्दूस बिन लूब, पाथरवट, राहणार तूर, लुआर नदीच्या काठी, हे राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. खात्री हकीमाकडून करावी, पुतण्याकडून नव्हे.

आमचे पूर्वज अमीराच्या फौजेबरोबर इथे आले, फ्रँकांना हरवले, त्यांच्याच पोरींशी लग्ने केली आणि थंडीला शिव्या देत राहिले. मीही तेच केले. माझी बायको रोत्रूद ख्रिस्ती आहे. एकदा म्हणाली, "अहो, त्या लढाईत आमचे जिंकले असते तर आज तुम्ही कुठे असता?"

"तिकडे दक्षिणेत, कोर्दोव्यात, डाळिंबं खात."

"मग मेल्यांनी जिंकायलाच हवं होतं!"

ख्रिस्ती बायको नवऱ्याची वारस होत नाही. मात्र जो वारस नाही, त्याला मृत्युपत्राने मिळकतीचा तिसरा हिस्सा देता येतो. तो मी रोत्रूदला देतो: नदीकडच्या दोन खोल्या, विहीर आणि द्राक्षांचा मांडव. तिच्या बुधल्यांत काय मुरते हे मी कधी विचारले नाही, काझीसाहेबांनीही विचारू नये.

आम्हाला मूलबाळ नाही. उरलेले सारे शरियतप्रमाणे माझ्या भावाचा मुलगा मुतर्रिफ याचे. माझ्या छिन्न्याही त्याच्याकडे जातील आणि गंजतील. त्याला इलाज नाही.

हा मुतर्रिफ हल्ली रोज येतो. "काकी, कलमा पढा ना. हक्काच्या वारस व्हाल." हक्काच्या वारसाला चौथा हिस्सा मिळतो, आणि वारसाला मृत्युपत्राने वेगळे काही देता येत नाही. म्हणजे तिसऱ्या हिश्शाऐवजी तिच्या हाती चौथाच येणार. पोरगा दिसतो तेवढा भोळा नाही. रोत्रूदने त्याला सांगितले, "बाळा, तुझा स्वर्ग मला महाग पडतो रे." तरी तो तिला खोल्यांतून हुसकू लागला, तर साक्षीदारांनी हा कागद काझीसाहेबांपुढे ठेवावा.

आता कबरीविषयी. आमची मशीद कोर्दोव्याच्या गवंड्यांनी बांधली. तिकडची मशीद दक्षिणेला तोंड करून, म्हणून इथलीही तशीच. नमाजात आणि कबरीत तोंड हवे मक्केकडे, आणि मक्का इथून पूर्वेला, जराशी दक्षिणेकडे कललेली. हे मी जन्मभर ओरडून सांगितले. मला लोकांनी वेडा म्हटले, एका जुम्म्याला माझे जोडेही बाहेर फेकले. आता नव्या इमामसाहेबांना माझे म्हणणे पटले आहे. इथून पुढची प्रत्येक कबर खऱ्या दिशेने खणायची, असे त्यांनी जाहीर केले. लोक माझे अभिनंदन करून गेले.

तरी माझी कबर जुन्याच दिशेने खणावी. कब्रस्तानच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून जागा घ्यावी आणि मला उजव्या कुशीवर, तोंड भिंतीकडे करून निजवावे. भिंतीपलीकडे ख्रिस्ती लोकांची दफनभूमी आहे. खऱ्या दिशेने निजलो तर समोर चांभारवाडा येतो. मक्का कुठे आहे हे अल्लाहला ठाऊक आहे, आणि मलाही ठाऊक आहे हे त्याला ठाऊक आहे. इमामसाहेबांनी वाद घालू नये. या विषयावर माझ्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेले नाही.

हे सारे रोत्रूदला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आमच्यात उताणं निजवतात हो. मी आभाळाकडे बघत असेन."

"बघ की. मी तुझ्याकडे बघेन."

ती चुलीकडे गेली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "पाद्रीबाबांना मी भिंतीजवळची जागा कधीच सांगून ठेवलीय."

साक्षीदार: बकी बिन हारिस, लोहार (सही)
यह्या बिन फुर्तून, नावाडी (अंगठा)
अब्दूस बिन लूब (सही)
मुक्काम तूर, शाबान महिना, हिजरी सन २७१