मुलापेक्षा सहा वर्षांनी लहान बाप

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगातला डावा गुडघा सध्या वाकत नाही, तेव्हा तेवढा वगळून बाकी जमेल तसा.) तुझी शुगर कशी आहे? वहिनींचा खांदा आता वर जातो का? मागे त्यांचा हात वरच्या फळीपर्यंत पोहोचत नव्हता आणि तू नेमकी त्याच फळीवर तुझी बिस्किटं ठेवायला लागला होतास. मी कोणाला बोललेलो नाही, बोलणारही नाही. आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण ठीक काहीही नाही. हिने माझ्याशी बोलणं टाकलं आहे, कारण विमान कंपनीने माझे मैल गोठवले आहेत. आणि ते गोठले, तसं बघायला गेलं तर, तुझ्यामुळे. लगेच चष्मा काढून कपाळाला हात लावू नकोस. तू वकील आहेस, तेव्हा मुळापासून सांगतो.

माझा धंदा तुला ठाऊकच आहे. दूरच्या कुठल्यातरी गावात पेशंट दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवा होतो, तोंड उघडतो, आणि खुर्ची तिथेच अडकते. डॉक्टर मला फोन करतो आणि मी पान्यांची पिशवी घेऊन विमानात बसतो. (पिशवी सामानात टाकतो. एकदा हातात नेली होती, तेव्हा तपासणीच्या बाईंनी एकेक पाना टेबलावर असा ओळीने मांडला, की मागच्या माणसाने मला भाव विचारला.) अशी वर्षानुवर्षं उडून माझ्या खात्यात मैलांचा डोंगर साठला. जितकं उडाल तितके मैल कंपनी आपल्या नावावर मांडते आणि पुढे त्यावर फुकट तिकीट देते, हे तुला सांगायला नको. लेकीला मुलगी झाली तेव्हा मी हिला शब्द देऊन बसलो, की आपण दोघं या मैलांवर नातीला बघायला जायचं, आणि तेही विमानाच्या पुढच्या भागात, जिथे खुर्चीचा सपाट पलंग होतो. झालं! लिफ्टमध्ये भेटेल त्याला हिने पलंगाचं वर्णन सांगितलं. तळमजल्यावरून चढलेल्या माणसाला दुसऱ्याच मजल्यावर उतरायचं असलं, तरी ही त्याला पलंग पूर्ण सपाट होईपर्यंत सोडत नसे. मी मात्र मनातून जरा धास्तावलो होतो, कारण अशा खुर्चीशी माझा सगळा संबंध खालून आलेला आहे.

आता माशी कुठे शिंकली ते ऐक. मागे तुला वकिलांच्या संमेलनाला जायचं होतं आणि तिकीट मिळत नव्हतं. मी म्हटलं, माझे मैल काय चाटायचेत? कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. मैल आई, वडील, जोडीदार आणि अपत्य यांनाच देता येतात म्हणाली. मी म्हटलं, आतेभाऊ. ती म्हणाली, असं काही आमच्याकडे नाही. दादा, माझं रक्तच उसळलं! एवढी मोठी कंपनी, एवढी विमानं, आणि आतेभाऊ नाही? मी तिला समजावून सांगितलं, की माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहिणीचा हा मुलगा, याच्या आखूड झालेल्या पँटी घालून मी शाळा संपवली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यातल्या त्यात जवळचं काय लावू? मी विचारात पडलो. वडिलांच्या जागी वडीलच होते, ते एकदा विमानात बसले होते. जोडीदाराच्या जागी ही होती, शिवाय तुझ्या मिशा. राहता राहिलं अपत्य. म्हटलं, लावा मुलगा. तू संमेलनाला जाऊन आलास, तिथे तुझं भाषण म्हणे फार गाजलं, आणि मला बाप म्हणून खरोखर अभिमान वाटला.

एकदा हात बसल्यावर मी हिच्या धाकट्या बहिणीलाही पाठवलं. तिला आई केलं, कारण आमची आई विमानात कधी बसलीच नाही आणि ती जागा रिकामी पडली होती. इतके दिवस कोणी ब्र काढला नाही. पण आमच्या दोघांच्या पलंगांसाठी फोन केला आणि कंपनीच्या संगणकाने माझं कुटुंब पहिल्यांदा एकत्र पाहिलं. आई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, मुलगा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. संगणकाला घेरी आली असावी. त्याच दिवशी खातं बंद. (मेहुणीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, लबाडीत नाव आलं त्याचं काही नाही, पण मी तुमची आई दिसते का?)

मला कंपनीच्या कचेरीत बोलावणं आलं. काचेची खोली, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, आणि त्या झाडाला पाणी घातल्याचा ओघळ. तक्रारी बघणारा अधिकारी तरुण होता आणि त्याला सर्दी झाली होती. त्याने रुमालाआडून विचारलं, तुमचा मुलगा तुमच्यापेक्षा मोठा कसा? अशा वेळी माणसाने गप्प बसावं, पण माझ्या तोंडून निघून गेलं, की तो लहानपणापासूनच मोठा आहे. त्याने ते लिहून घेतलं. मग मी म्हटलं, त्याला सगळे दादाच म्हणतात. तेही लिहून घेतलं. शेवटी त्याने पुढची तारीख दिली आणि समाधानकारक खुलासा झाला नाही तर सगळे मैल जप्त, असं नाक ओढत सांगितलं. खरं सांगतो, नातीचे फोटो मी रोज बघतो, पण फोटोला वास नसतो आणि तो आपलं बोट धरत नाही.

तुला त्रास नको म्हणून आधी इथल्याच एका वकिलाकडे गेलो. आमच्या गल्लीच्या टोकाला चपलांच्या दुकानावर त्यांची खोली आहे. त्यांनी जन्मभर जमिनीचे दावे लढवलेत. मैल म्हटल्यावर त्यांचे डोळे लकाकले आणि त्यांनी पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, सध्या कब्जा कोणाचा, असं सुरू केलं. मी म्हटलं, हे मैल हवेतले आहेत. ते म्हणाले, मग वहिवाट सिद्ध करणं अवघड जाईल. हे बोलताना त्यांची खुर्ची सारखी करकरत होती. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी टेबलाखाली शिरलो आणि एक नट जरासा सैल केला. खुर्चीला काय झालं देव जाणे, ती वकीलसाहेबांना घेऊन जी वर गेली, ती त्यांचे गुडघे टेबलाखाली घट्ट अडकल्यावरच थांबली. ना त्यांना खाली येता येत होतं, ना मला बाहेर. खालच्या चपलावाल्याने येऊन टेबल उचललं तेव्हा आमची सुटका झाली. त्या अवस्थेतही त्यांनी मला एक फुकट सल्ला दिला, तो असा, की पुन्हा येऊ नका.

तेव्हा दादा, आता तूच. तू बोलायला उभा राहिलास की समोरचा जांभया देतो आणि मग कंटाळून सगळं कबूल करतो, ही तुझी ख्याती मी लोकांना नेहमी सांगतो. माझ्या मैलांसाठी नको, पण हिच्या पलंगासाठी आणि माझ्या नातीसाठी तारखेला उभा राहा. वहिनींना नमस्कार, मुलांना (म्हणजे माझ्या नातवंडांना, कंपनीच्या हिशेबाने) अनेक आशीर्वाद.

तुझा मामेभाऊ

ता. क. : येताना काळा कोट आणू नकोस. अधिकाऱ्याने मुलाला समक्ष हजर करा म्हटलंय, वकील आणा असं म्हटलेलं नाही. मिशा काढ, केस काळे कर, आणि तिथे मला मोठ्याने ‘बाबा’ म्हण. ऐनवेळी अडखळायला नको, म्हणून आजपासून घरी फोटो समोर ठेवून म्हणत जा.

ता. क. दुसरा : पाकीट शोधायला गेलो तेवढ्यात हिने पत्र वाचलं. वाचून झाल्यावर अधिकाऱ्याला फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं. वर त्याला सर्दीवर वाफ घ्यायला सांगितली. निकाल असा, की हिची काही चूक नाही, हिला पलंगासकट तिकीट. मला मात्र वर्षभर मैल वापरायला बंदी. ही याच आठवड्यात निघते. माझ्याशी बोलली एकदाची, मोठ्या बॅगेची किल्ली कुठे आहे असं विचारलं. वर्षभरात नात पळायला लागेल रे दादा. मला तिला रांगताना बघायचं होतं. हे मी तुला पाझर फुटावा म्हणून लिहीत नाही, फुटला तर हरकत नाही.

ता. क. तिसरा : तेव्हा तारखेचं आता राहू दे, मिशाही राहू देत. पण तुझे स्वतःचे मैल त्या दुसऱ्या विमान कंपनीत नुसते पडून आहेत, असं वहिनी मागे बोलल्या होत्या. मी आत्ताच तिथे चौकशी केली. आतेभाऊ, मामेभाऊ त्यांच्याकडेही नाहीत, पण अपत्य चालतं, आणि तिथे आपल्याला अजून कोणी ओळखत नाही. तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहेस, म्हणजे या वेळी निदान दिशा तरी बरोबर आहे.

तुझा आज्ञाधारक मुलगा