बुजवलेला खड्डा

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. बगिच्यातला बंद पडलेला जुना दगडी बंगला दुरुस्त होऊन आज आमच्या वस्तीला मिळाला. पोरींना हातमाग शिकवायला आम्हीच तो मागितला होता. दुरुस्ती चालू असतानाच बाबांनी खिडकीच्या उजेडात स्वतः मागाचा खड्डा खणला होता. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या दाबतो. यात न कळण्यासारखं काय आहे?

आज दार उघडलं तर सगळीकडे चकाचक टाइल्स. खड्डा गायब!

"भाऊ, खड्डा काहून बुजवला?" मी ठेकेदाराला विचारलं.

"मॅडम, त्यात कोनी पडलं असतं मंग? माग ठेवा ना भिंतीपाशी. फोटोले मस्त दिसते."

फोटोले! आणि विणणाऱ्यानं पाय कुठं घालायचे? याच्या डोक्यात?

बाबा खिडकीपाशी टाइलवर बसले, पाय लांब केले आणि सवयीनं पावड्या दाबल्यासारखे हलवले. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना वाटलं, प्रात्यक्षिक चाललंय. टाळ्या वाजवल्या मेल्यांनी!

घरी येताना बाबांनी एवढंच विचारलं, "आपल्या घरी सब्बल हाय ना वं?"

आहे. पहार दाराशी काढूनच ठेवलीय.